अकरावीला एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्स घेऊ द्यावं का? की केमिस्ट्रीच बरी?

वाईची_लेक_एडिसनात

नमस्कार मंडळी. दोन आठवड्यांत लेकीचा पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म भरायचाय. आमच्याकडे रोज रात्री जेवताना तोच एक वाद चाललाय, म्हणून म्हटलं इथे विचारावं.

लेक आत्ता दहावीत आहे. नववीला बायॉलॉजी झालं. यंदा केमिस्ट्री ऑनर्स चालू आहे, त्यात गाडी बी-प्लसवर अडकलीय. पुढच्या वर्षी तिला एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्स घ्यायचंय (एपी म्हणजे इकडे अमेरिकेत हायस्कुलातच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय). नवरा म्हणतो एपी केमिस्ट्री घे. माझाही कल आतून केमिस्ट्रीकडेच होता, आणि कारण काही फार सांगण्यासारखं नाही. पर्यावरण विषय म्हटलं की मला धाकट्या बहिणीची ज्युनिअर कॉलेजातली ईव्हीएसची फाइल आठवते. आमच्या वेळी तो विषय नव्हताच, तिच्या वेळी सक्तीचा झाला. ती फाइल मी लिहून दिलेली आहे. 'माझ्या परिसरातील जलप्रदूषण.' गणपती घाटावर उभं राहून कृष्णेचे चार फोटो काढले, पुस्तकातले दोन परिच्छेद इकडचे तिकडे केले, झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून घेतलं. नदीत बोटसुद्धा बुडवलं नाही. बहीण झकास पास झाली.

तर हा पूर्वग्रह. त्यात गेल्या शनिवारी आमच्याकडे आलेले एक स्नेही सगळ्यांसमोर म्हणाले, "ते ईझी एपी आहे हो, ज्यांना खरं सायन्स झेपत नाही त्यांच्यासाठी." लेक तिथेच बसली होती. काही न बोलता उठून वर गेली. अर्ध्या तासाने लॅपटॉप घेऊन खाली आली आणि मला विचारलं, "आई, आपल्या घरापासून सर्वांत जवळची सुपरफंड साइट किती लांब आहे, माहितीये?"

मला वाटलं सुपरफंड म्हणजे गुंतवणुकीची काहीतरी स्कीम असेल.

आता विचारायचंय ते असं. या विषयात नक्की करतात काय? तो खरंच सोपा आहे का? आणि कॉलेजवाले त्याला किंमत देतात का? ज्यांच्या मुलांनी घेतला असेल किंवा ज्यांनी स्वतः घेतला असेल त्यांनी सांगा. "मुलीला आवडेल ते करू द्या" हे मला माहीत आहे, ते कृपया नको.

---

हूस्टनकर_काका

थोडक्यात सांगतो. इंजिनिअरिंग किंवा मेडिकल डोक्यात असेल तर केमिस्ट्री. बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांत एन्व्हायर्नमेंटलच्या स्कोअरवर क्रेडिट मिळालं (म्हणजे कॉलेजात तेवढा कोर्स झाला असं धरलं) तरी ते ऐच्छिक विषयात जमा होतं, मुख्य सायन्सची जागा घेत नाही. केमिस्ट्रीचं क्रेडिट पहिल्या सेमिस्टरला उपयोगी पडतं. मुलगी ज्या कॉलेजांचा विचार करतेय त्यांच्या साइटवर एपी क्रेडिटचा तक्ता असतो. तो उघडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. आमच्या चिरंजीवांच्या वेळी आम्ही तो बघितला नाही आणि नंतर बसलो कपाळाला हात लावून.

बाकी विषय चांगला असेलही. मला कल्पना नाही.

---

खारफुटी

काकू, मी २०२४ च्या मे महिन्यात ही परीक्षा दिली, अकरावीतच. पाचपैकी चार मिळाले. माझ्या शेजारी बसणारा मित्र वर्षभर 'ईझी एपी, ईझी एपी' करत होता, त्याला दोन मिळाले. सोपेपणाबद्दल एवढंच पुरे.

आता काय करतात ते सांगतो. आमचं आख्खं वर्ष ईको-कॉलममध्ये गेलं. दोन लिटरच्या सोड्याच्या तीन बाटल्या कापायच्या आणि एकावर एक बसवायच्या. वरच्या मजल्यावर माती आणि रोपं, मधे भाजीफळांची सालं कुजायला, तळमजल्यावर पाणी, पाणवनस्पती आणि एक मासा. वरून घातलेलं पाणी माती आणि कुजलेल्या सालांतून झिरपत खाली माशापर्यंत येतं. दर आठवड्याला खालच्या पाण्याचं तापमान, पीएच, नायट्रेट आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा आणि वहीत लिहायचा.

आमच्या गटाने मधल्या बाटलीत केळ्याच्या साली कोंबल्या. भरपूर. तिसऱ्या आठवड्यात खिडकीपाशी असा वास सुटला की विसर्जनानंतर आठवड्याने तळ्याकाठी गेल्यासारखं वाटावं. सालीचा काळा रस खाली उतरला होता. ऑक्सिजन लिटरमागे आठ मिलिग्रॅमवरून तीनवर आला आणि मासा पाण्याच्या वर तोंड काढून भकभक करायला लागला. मला वाटलं काहीतरी विष उतरलं. मॅडमनी उत्तर दिलंच नाही. "मासा आजारी नाही. पाण्यात आणखी कोण जेवतंय ते शोध," एवढंच म्हणाल्या. मग कळलं की त्या रसावर जिवाणू तुटून पडले होते आणि सगळा ऑक्सिजन तेच वापरत होते.

मासा वाचला. आम्ही पाणी बदललं, आणि मग 'प्रयोगात ढवळाढवळ केली' म्हणून रिपोर्टचे मार्क गेले.

परीक्षेत अगदी हाच प्रश्न येतो. मासा नसतो, नदी असते.

---

फळा_आणि_खडू

मी हा विषय एका सरकारी हायस्कुलात शिकवते, गेली अकरा वर्षं. त्याआधी पुण्यात बीएस्सी, मग इथे आल्यावर शिक्षकाचं लायसन्स वगैरे. त्यामुळे जरा लांबण लावणार आहे, चालवून घ्या.

आधी 'ईझी'चा निकाल लावू. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी या परीक्षेत तीन किंवा जास्त मिळवणारी मुलं निम्म्याहून थोडीच जास्त होती, आणि पाच मिळवणारी शंभरात दहासुद्धा नव्हती. केमिस्ट्रीत तीन किंवा जास्त मिळवणारी मुलं ७५ टक्क्यांच्या आसपास होती. यावरून केमिस्ट्री सोपी असं कुणी म्हणू नये. तिथे मुळात घासून पुसून तयार झालेली मुलंच बसतात. आमच्याकडे मात्र वर्गात 'फिरायला' आलेले बरेच असतात. अभ्यासक्रम समजायला सोपा आहे, मार्क मिळवायला नाही, आणि त्या स्नेह्यांची गफलत नेमकी तिथे झालीय.

पेपर २ तास ४० मिनिटांचा. पहिल्या ९० मिनिटांत ८० बहुपर्यायी प्रश्न, त्याला ६० टक्के वजन. पुढच्या ७० मिनिटांत तीन मोठे लेखी प्रश्न, प्रत्येकी दहा गुणांचे, त्याला ४० टक्के. २०२५ पासून सगळं कॉम्प्युटरवर, उत्तरं टाइप करायची. पहिल्या लेखी प्रश्नात प्रयोग आखायचा असतो, दुसऱ्यात एखाद्या समस्येवर उपाय सुचवायचा, तिसऱ्यात उपायाबरोबर आकडेमोड. आमची मुलं मरतात ती या तीन प्रश्नांत.

कशी मरतात ते दाखवते. प्रश्न समजा असा आहे: शेतातलं खत नदीत वाहून गेल्याने मासे कसे मरतात? वर्गातली निम्मी मुलं लिहितात, 'खतामुळे पाणी प्रदूषित होतं आणि ते जलचरांना हानिकारक असतं.' याला शून्य. अर्धा गुणही नाही, कारण अर्धा गुण असतच नाही. लिहायला हवं ते असं: नायट्रेट आणि फॉस्फेट पाण्यात उतरतं, शेवाळ माजतं, ते मरून तळाला जातं, ते कुजवताना जिवाणू ऑक्सिजन वापरतात, पाण्यातला ऑक्सिजन घटतो, मासे गुदमरतात. एक कडी गाळली की तो गुण गेला. वरच्या खारफुटीने केळ्याच्या सालींवर हीच साखळी शिकून घेतली, आणि ती तो जन्मात विसरणार नाही.

'प्रदूषण होतं', 'पर्यावरणाचा ऱ्हास होतो', 'जागरूकता वाढवावी' ही वाक्यं माझ्या वर्गात लिहिली की मी लाल पेनाने समोर फक्त 'कोणतं? कसं? कुणी?' एवढंच लिहिते. वाईच्या ताई, तुमच्या त्या स्पायरल फाइलला मी काय दिले असते ते तुम्ही ओळखलंच असेल.

आकडेमोडीचा एक नमुना. घरात ६० वॅटचे दहा बल्ब आहेत, त्यांच्या जागी ९ वॅटचे एलईडी लावले. दिवे रोज पाच तास चालतात. वर्षाला किती वीज वाचली? एका बल्बमागे ५१ वॅट, दहाचे ५१० वॅट, म्हणजे ०.५१ किलोवॅट. गुणिले ५ तास, गुणिले ३६५ दिवस. झाले सुमारे ९३१ युनिट, आपल्या एमएसईबीच्या बिलावर असतं तेच युनिट. गणित सातवीचं आहे, पण वॅटचे किलोवॅट करायला विसरणारी मुलं दर वर्षी भेटतात. एका घराची बचत नऊ लाख युनिट आली तरी त्यांना काही खटकत नाही. कॅल्क्युलेटर २०२० पासून चालतो. त्याआधी चालत नव्हता, आणि खरं सांगू, तेव्हा उत्तरं जास्त शहाणी यायची.

तिसरा खड्डा ओझोनचा. 'ओझोनला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापतेय' असं लिहिणारी दहा तरी मुलं दर सप्टेंबरला माझ्याकडे येतात. वरचा ओझोन घटला की अतिनील किरण जास्त येतात. पृथ्वी तापते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, मिथेन अशा वायूंमुळे. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. आणि जमिनीलगतचा ओझोन हे तिसरंच: तो गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि सेंद्रिय वाफा यांच्यावर ऊन पडून तयार होतो, म्हणून न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारी हवेचा इशारा येतो, सकाळी सहाला नाही. तुमच्या लेकीला आज रात्री जेवताना विचारा. तिला हे तीन वेगळे सांगता आले तर ती सप्टेंबरच्या माझ्या वर्गापेक्षा पुढे आहे.

सुपरफंडबद्दल तिलाच सांगू द्या. मी फक्त पार्श्वभूमी देते. नायगारा फॉल्स गावात लव्ह कॅनाल नावाच्या वस्तीखाली रासायनिक कचरा पुरलेला होता. त्यावर घरं आणि शाळा उठल्या होत्या. १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली आणि त्यातून १९८० चा सुपरफंड कायदा आला: ज्याने घाण केली त्याच्याकडून साफसफाईचा खर्च वसूल करायचा. या कायद्याखाली साफ करायच्या जागांची यादी असते, आणि त्या यादीत सर्वांत जास्त जागा असलेलं राज्य आपलं न्यू जर्सीच, शंभराच्या वर. मी पहिल्या आठवड्यात मुलांना स्वतःच्या घराजवळची जागा शोधायला लावते. तुमच्या लेकीने ते कुणी न सांगता केलंय, हे मी नुसतं नोंदवून ठेवते.

केमिस्ट्री ऑनर्सचा बी-प्लस या विषयाला भरपूर झाला. अपेक्षा असते ती एक वर्ष जीवशास्त्र, एक वर्ष भौतिक किंवा रसायन आणि बीजगणित एवढीच. आणि एपी केमिस्ट्री बारावीला पळून जात नाही. क्रेडिटबद्दल हूस्टनकर काका म्हणतात ते बरोबर आहे, तक्ता बघाच.

---

कृष्णाकाठ_सांगली

मी इकडे ज्युनिअर कॉलेजात ईव्हीएस शिकवतो, म्हणून जरा तोंड घालतो.

ताई, फाइल तुम्ही लिहून दिलीत, फोटो तुम्ही काढलेत, बोट तुम्ही बुडवलं नाहीत, आणि बदनाम झाला विषय! १९९१ मध्ये एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सांगितलं म्हणून हा विषय शाळा-कॉलेजांत आला. आता महाराष्ट्रात त्याचं नाव 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' आहे. झेरॉक्सवाला मात्र तोच आहे, हे मान्य.

मॅडमना एक विचारायचं होतं. तुमच्याकडे जमीन खारावण्याचा प्रयोग करतात का? आमच्याकडे तो थेट शेतात चाललाय. शिरोळ, वाळवा भागात उसाला पाटाने वर्षानुवर्षं पाणी सोडलं, निचरा नाही, पाण्याची पातळी वर आली आणि तिच्याबरोबर क्षार वर आले. उन्हाळ्यात रान पांढरं फटक दिसतं, वर मीठ भुरभुरल्यासारखं. मी पोरांना तिथे नेतो आणि माती जिभेला लावायला सांगतो. (पोरं लावतात. पालक ओरडतात.)

---

फळा_आणि_खडू

@कृष्णाकाठ, करतो तर! मुळ्याचं बी वेगवेगळ्या ताकदीच्या मिठाच्या पाण्यात भिजवायचं आणि किती रुजतात ते मोजायचं. एक बशी साध्या पाण्याची, तुलनेला. प्रयोग आखण्याच्या प्रश्नाची तयारी त्यातच होते: काय बदललं, काय मोजलं, काय तेच ठेवलं. पण पुस्तकात उदाहरण कॅलिफोर्नियाचं असतं. तुमच्या शिरोळच्या रानाचा फोटो मिळेल का? आमच्याकडे जिभेला काही लावायला सांगितलं तर माझी नोकरी जाईल.

---

वाईची_लेक_एडिसनात

सर्वांचे आभार. आणि हो, माझ्या फाइलला शून्य, हे मी आधीच मान्य करते. मी त्यात अक्षरशः 'जागरूकता निर्माण करणे ही काळाची गरज आहे' असं लिहिलं होतं. शेवटच्या पानावर. लाल शाईने अधोरेखित करून.

काल रात्री ओझोन विचारला. दोन बरोबर सांगितले, जमिनीलगतचा अडला. नवऱ्याला एकही आला नाही, त्यामुळे टेबलावरचं वातावरण एकदम निवळलं.

मग तिने मला पुढच्या वर्षीच्या पुस्तकातलं एक पान दाखवलं, पर्जन्यछायेचं. डोंगराच्या एका अंगाला ढग वर चढतात, गार होतात, पाऊस ओततात. पलीकडे हवा उतरते ती कोरडी आणि गरम. पुस्तकात सिएरा नेवाडा आणि त्यापलीकडची डेथ व्हॅली होती. मी म्हटलं, थांब. कागद घेतला आणि सह्याद्री काढला. इकडे कोकण, वर महाबळेश्वर, तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पसरणीचा घाट उतरलं की खाली आपली वाई, महाबळेश्वरहून तासाभराच्या अंतरावर, तिथे जेमतेम सातशे-आठशे. आणि आणखी पूर्वेला गेलं की माण तालुका, जिथे माझी आत्या दिली होती आणि जिथे उन्हाळ्यात टँकर आल्याशिवाय हंडा भरत नसे. आम्ही पोरं सुट्टीत आत्याकडे गेलो की आंघोळीचं पाणी परातीत साठवून ते झाडाला घालायचो. महाबळेश्वरला धो धो आणि आत्याकडे ठणठणीत, हे का, असं मला पस्तीस वर्षांत एकदाही कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. देवाची करणी म्हणून सोडून दिलं होतं.

लेक कागदाकडे बघत म्हणाली, "मग हे तू तेव्हा फाइलमध्ये का नाही लिहिलंस?"

असो. दोन-चार कॉलेजांचे तक्ते पाहिले, हूस्टनकर काका म्हणाले तसंच आहे: एका ठिकाणी ऐच्छिक, एका ठिकाणी काहीच नाही. नवऱ्याला तो कागद दाखवला आणि म्हटलं, केमिस्ट्री बारावीला. तो 'बघू' म्हणाला, म्हणजे आमच्याकडे हो. फॉर्म भरला.

@खारफुटी, बाटल्या कुठल्या लागतात ते सांगून ठेव. आमच्याकडे सोडा कुणी पीत नाही, सप्टेंबरच्या आधी गोळा कराव्या लागतील. आणि वर्ष संपल्यावर त्या माशाचं काय करतात?

---

खारफुटी

काकू, दोन लिटरच्या, सरळ भिंतीच्या. मधे कंबर असलेल्या आणू नका, एकमेकींत बसत नाहीत. लेबलं आत्ताच सोलून ठेवा, डिंक निघायला कोमट पाणी आणि गोडं तेल लावा. कापलेल्या कडेला टेप लावा, माझ्या अंगठ्याला अजून खूण आहे. आणि तीनच्या ऐवजी सहा बाटल्या ठेवा, पहिल्या तीन वाकड्याच कापल्या जातात.

मासा कुणाला तरी घरी न्यावा लागतो. मेच्या शेवटी त्याचं संमतीपत्र येतं, सही करताना नीट वाचा. आमच्या आईने सहलीचं समजून सही केली होती.